नर्सबाईची रोवणी

“पळा वो बायांनो, पळा! कापनारी आली! सुना अंदर घ्या, दारं लावा!”

उकिरड्यावर उभी राहून, लुगडं गुडघ्यापर्यंत खोचून, हातातला खराटा तलवारीसारखा फिरवत भागरता बुढी ओरडत होती. तिचा आवाज असा, की गावामागच्या जंगलात एका वाघानं तोंडात धरलेलं डुक्कर सोडून दिलं आणि वर त्याची माफी मागितली, असं मी ऐकून आहे. खरंखोटं वाघाला विचारा. पण तिची हाक निघाली की गाव रिकामं व्हायचं हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. विहिरीवरच्या बाया भरलेले गुंड, म्हणजे पाण्याचे हंडे, तिथंच ठेवून पळायच्या. कोंबड्यांचा या प्रकरणाशी काडीचाही संबंध नव्हता, पण त्यासुद्धा टोपलीखाली शिरायच्या.

आणि कापणारी म्हणजे कोण? तर मी. पांढरी साडी, सायकल, कॅरियरला बांधलेली कातडी बॅग, आणि अंगाचं वजन त्या बॅगेपेक्षा थोडंसंच जास्त. कापायला म्हणाल तर बॅगेत एक कात्री होती, बाळाची नाळ कापायची. त्या गावातली निम्मी पोरं त्याच कात्रीनं आयांपासून सुटी झालेली. पण ते कोण लक्षात ठेवतं?

त्या दिवशी एकच बाई पळाली नाही. डोक्यावर पाण्याचे दोन गुंड, कडेवर एक पोर, पदराला एक पोर, अशी बाई पळणार कशी? ही शेवंता, त्याच भागरता बुढीची सून. ती माझ्या सायकलजवळून गेली, मान सरळ, नजर समोर, आणि ओठ न हलवता बोलली, “बाई, मले करून घ्याचं हाय.”

एवढं बोलून ती चालू लागली. डोक्यावरचं पाणी थेंबभर सांडलं नाही.

आता शहरातल्या वाचकांसाठी थोडं सांगते. सत्तर-ऐंशीच्या त्या दशकांत मी अड्याळकडच्या पाच गावांची नर्स होते. गावांची नावं सांगत नाही, कारण तिथल्या काही सासवा अजून खणखणीत आहेत. कौलारू खोलीत उपकेंद्र. बाळंतपणं करायची, पोरांना सुया टोचायच्या, विहिरीत पावडर टाकायची, आणि या सगळ्याच्या वर, सगळ्याच्या आधी, कुटुंब नियोजनाच्या ‘केसेस’ आणायच्या. वर्षाला अमुक इतक्या. टार्गेट म्हणायचे त्याला. साहेब लोक महिन्याच्या मीटिंगला बाळंतपणं किती झाली हे विचारायचे नाहीत. केसेस किती, एवढंच. मी भंडाऱ्याच्या पितळी भांडी ठोकणाऱ्यांच्या मोहल्ल्यात वाढले. तिथं हातोड्यांच्या आवाजावर आवाज चढवल्याशिवाय आईला भूक लागली हेही सांगता येत नाही. म्हणून मीटिंगमध्ये मी दबले नाही. पण टार्गेटपुढे माझीही मान वाकायची, हे कबूल करते. सक्तीच्या त्या काळात माझ्या बोलण्यानं दोन-चार माणसं मनाविरुद्ध जीपमध्ये बसली. ते सांगताना माझा हा आवाजसुद्धा खाली येतो. ‘कापणारी’ हे नाव मला तेव्हापासूनचं, आणि ते फुकट मिळालेलं नाही.

ऑपरेशन नको असेल त्यांच्यासाठी गोळ्या होत्या. त्याचीही गंमत ऐका. एका बाईला मी सायकलवरून न उतरताच गोळ्यांचं पाकीट दिलं, “रोज एक घे, पोर राहत नाही,” एवढं सांगितलं आणि पुढच्या गावाला निघाले. ती बाई रोवणीला गेली. रोवणी म्हणजे बांधीत, भाताच्या बांध घातलेल्या शेतात, चिखलात रोपं लावायची. ती गटानं होते, आज सगळ्या मिळून हिच्या शेतात, उद्या तिच्या. अशा गटात एकटीनं काही खायची रीत नाही. कांदा असो, चटणी असो, सगळ्यांत वाटायची. मग गोळ्या तेवढ्या एकटीनं कशा खायच्या? तिनं पाकीट फोडलं आणि अकरा जणींना सारख्या वाटल्या. प्रत्येकीच्या वाट्याला दोन-दोन आल्या. होळीपर्यंत त्यातल्या सात जणी माझ्या रजिस्टरात गरोदर म्हणून दाखल. “बाई, तुमची दवाई काई खरी नाई,” त्या म्हणाल्या. चूक वाटणाऱ्या हाताची नव्हती. सायकलवरून न उतरणाऱ्या पायाची होती.

तर शेवंता. तिच्या मागच्या बाळंतपणाला मीच होते. पाचवं. तीन मुली, दोन मुलगे. बाळ आलं, पण रक्त थांबेना. भर दुपारी बैलगाडीत घातलं आणि आरोग्य केंद्रापर्यंतचा सगळा रस्ता मी तिच्या पोटावर मूठ दाबून बसले. तिचे ओठ कागदासारखे झाले होते. मी एकाचे दहा करून सांगणारी बाई आहे हे एव्हाना तुम्हाला कळलंच असेल, पण हे जसं घडलं तसंच सांगते आहे. डॉक्टर तिला वाचवून बाहेर आले, हात पुसले आणि मला म्हणाले, “पुन्हा दिवस गेले तर ही वाचणार नाही. नीट लक्षात ठेवा.”

मी लक्षात ठेवलं. आणि आता तीच बाई स्वतःहून म्हणते, करून घ्यायचं आहे. मग अडतंय कुठं? आम्हाला ट्रेनिंगमध्ये फळ्यावर लिहून दिलं होतं: बाया अडाणी असतात, सासू अडवते, नवरा नाही म्हणतो. सासू तर उकिरड्यावर खराटा घेऊन उभीच होती. मी पदर खोचला.

भागरता बुढीला फोडायला मला पाच महिने लागले. अड्याळच्या बाजारातून तिच्यासाठी खास तंबाखू आणला. तिच्या गुडघ्यांना इतकं तेल चोळलं, की माझ्या तळहातांवरच्या रेषा पुसल्या गेल्या. त्यामुळे माझं भविष्य आजतागायत कुणाला वाचता येत नाही. तिच्या नवऱ्याला अस्वलानं धरलं होतं ती गोष्ट मी चौदा वेळा ऐकली, आणि दर वेळी अस्वल हातभर वाढत गेलं. शेवटी एका सकाळी मी धीर करून म्हटलं, “बुढीमाय, शेवंताचं ऑपरेशन करू द्या. पुढचं बाळंतपण तिला झेपायचं नाही.”

बुढीनं तंबाखूची पिंक टाकली. “मंग मी कवा नाई म्हनली? मी तं तिले दोन साल झाले, सांगून राहिली का करून टाक.”

मी तेलाची बाटली खाली ठेवली. “मग तुम्ही उकिरड्यावरून बोंबलता ते?”

“ते तं बोंबलाच लागते, वो बाई! सासू होऊन नाई बोंबलली तं गाव काय म्हनन? बुढीनंच सुनेले कापाले धाडलं, म्हनतीन. तू तुयं काम कर, मी मायं करतो.”

पाच महिने! त्या तेलात मी एका म्हशीच्या अंगाला चमक आणली असती.

मग उरला नवरा. डोमा. अंगानं एवढा, की बैल थकला तर जू स्वतःच्या खांद्यावर घेईल, पण माझी सायकल दिसली की हरणासारखा पळायचा. एके दिवशी मी त्याला शेतात गाठलं तर तो मोहाच्या झाडावर चढला.

“खाली ये गा डोमा!”

“नाई. तुमी मले जीपीत टाकसान.”

“अरे, तुझं नाही करायचं, शेवंताचं!”

“तिचं करा ना मंग. मी नाई म्हनलो का? पन ते मेली तं पाच पोट्टे मी पाहू का बैल पाहू?”

मी झाडाखालून त्याला सगळं समजावलं. ऑपरेशन कसं असतं, दुर्बिणीनं कसं करतात, जखम केवढी होते. आणि ते केलं नाही आणि पुन्हा दिवस गेले तर काय होईल, तेही. एवढा वेळ बोलले, की झाडावरची माकडं ऐकायला खाली आली आणि त्यांतली एक माकडीण माझ्याकडे फार विचार करून पाहत होती. मग डोमा म्हणाला, “अंगठा घेऊन टाका. पन खाली याले नोका सांगू.” मी फॉर्म आणि शाईचा पॅड पिशवीत घालून फेकला. त्यानं वरच अंगठा उमटवला. जिल्ह्यात झाडावर दिलेली ती एकमेव संमती असावी. कागदावर मुंगीचाही ठसा होता.

सासू झाली, नवरा झाला. आता फक्त डॉक्टर. आणि नेमकं शिबिर लागलं ऐन रोवणीत. दुर्बिणीवाले डॉक्टर बाहेरून यायचे, त्यांना तोच दिवस मोकळा. पुढची पाळी दिवाळीनंतर. शिबिराची तारीख ठरवणाऱ्यांच्या कॅलेंडरमध्ये रोवणी नावाचा महिना नव्हता. मी शेवंताला दोन दिवस आधी सांगून आले. तिनं मान हलवली. ती होकाराची की नुसती हललेली, हे मी पाहिलं नाही.

त्या दिवशी सकाळी जीप गावात आली. ड्रायव्हर हॉर्न वाजवून वाजवून दमला. शेवंताचा पत्ता नाही. घरात नाही, विहिरीवर नाही. दिवाळीपर्यंत थांबायचं म्हणजे तीन महिने, आणि तीन महिन्यांत काय होऊ शकतं हे मला माझ्या रजिस्टरापेक्षा चांगलं ठाऊक होतं. मी साडी वर धरून बांधाबांधानं पळत सुटले.

ती भेटली शेतात. गुडघाभर चिखलात, कमरेतून वाकलेली, आठ बायांच्या ओळीत, भात रोवत. बांधावर भागरता बुढी बसलेली.

“शेवंता!” मी ओरडले. माझा पितळी मोहल्ला सगळा घशात आला. “तिकडे जीप उभी आहे! पाच महिने तुझ्या सासूचे गुडघे चोळले मी! तुझ्या नवऱ्याशी झाडाखाली उभी राहून बोलले! तुला करायचंच नव्हतं तर तोंडानं सांगायचं होतं ना!”

ओळ थांबली. सगळ्या ताठ उभ्या राहिल्या. शेवंतानं हातातली रोपांची पेंडी चिखलात ठेवली.

“कराचं हाय, बाई.”

“मग काय अडलंय?”

“तुमी सांगता, आठ दिस वजन उचलू नोको, वाकू नोको. मंग पानी कोन भरन?”

मी बांधावरून एक पाय चिखलात टाकला.

“घरी आठ मानसं, दोन बैल. इहीर गावाच्या त्या टोकाले. आत्याबाईचे गुडघे तुमीच चोळता, तुमाले मालूम हाय. मोठी पोट्टी सात सालाची. अन् हे रोवनी. ह्या बाया माया बांधीत रोवून गेल्या. आता त्याइच्या बांधीत मी नाई गेली, तं फुढच्या साली मायाकडे कोन येईन?” मग रागानं नाही, नुसतं सांगावं तसं ती म्हणाली, “तुमी आत्याबाईले पुसलं. पोट्ट्याइच्या बापाले पुसलं. मले कोनी पुसलंच नाई.”

त्या चिखलात मी आणखी वीतभर खचले असेन. इतके महिने मी या बाईभोवती फिरत होते. सासू, नवरा, भीती, देव, सगळ्यांशी भांडायची तयारी केली होती. आणि आडवं आलं होतं पाणी. रोजचं, विहिरीचं, साधं पाणी.

ओळीत सगळ्यांत पुढे पारबता होती. गटाची मुख्य, पन्नाशीची. रोवणीत तिचा शब्द म्हणजे कोर्टाचा शब्द. तिनं हात धुतले, कमरेवर ठेवले.

“पान्याचं काय येवढं! आपन इच्याबिगर सात जनी अन् आठवी हे बुढी. बुढीनं घर पाहावं, पोट्टे पाहावं. पानी आमी भरू, पारीपारीनं.”

“अन् रोवनी?” शेवंता म्हणाली.

पारबतानं माझ्याकडे पाहिलं. वरून खाली. पांढऱ्या साडीपासून चपलेपर्यंत. मग बाकीच्यांकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर जे पसरत गेलं, ते मी जन्मात विसरणार नाही.

“शेवंताच्या जागी नर्सबाई रोवन.”

असं हसू पिकलं, की बांधावरचे बगळे पवनीच्या दिशेनं उडाले ते परत आलेच नाहीत. “मले तं मंजूर हाय,” भागरता बुढी बांधावरून ओरडली, “पन नर्सबाई, ते सफेद लुगडं सोडून ये, नाई तं रातच्याले भूत म्हून लोक पुजा करतीन!”

मी म्हटलं, “मंजूर.” शेवंता चिखल धुऊन जीपमध्ये बसली. डॉक्टरांनी त्याच दुपारी ऑपरेशन केलं. आणि दुसऱ्या सकाळपासून मी, भंडाऱ्याच्या पक्क्या रस्त्यावर वाढलेली, जिनं भात फक्त ताटात पाहिला होता, ती रोवणीत उभी राहिले. सकाळी चिखल, दुपारनंतर सायकल आणि बाकीची गावं.

रोवणी म्हणजे काय ते सांगते. कमरेतून वाकायचं, तीन-चार रोपं अंगठ्यानं चिखलात दाबायची आणि मागे सरकायचं. दिवसभर. पाऊस पाठीवर, चिखल तोंडावर, बोटांच्या मधे खेकडे. पहिल्या दिवशी मी तीनदा बसकन मारली. दुसऱ्या दिवशी माझी कंबर माझ्याशी बोलेनाशी झाली. त्यांनी माझ्यावर गाणं रचलं, ते इथं छापता येणार नाही. संपादकांना अब्रू आहे.

पण तिसऱ्या दिवशी एक गोष्ट घडली. ओळीत सगळ्या खाली वाकलेल्या असतात. कुणी कुणाचं तोंड पाहत नाही. दिसतात ते फक्त चिखलातले हात आणि लुगड्याचे काठ. आणि तिथं बाया बोलतात. उपकेंद्रात समोरासमोर बसवलं तर ज्यांच्या तोंडून नावही निघायचं नाही, त्या बोलतात.

डावीकडचा तांबडा काठ म्हणाला, “बाई, तुमी मले ते तांबी बसवून देल्ली. मले महिनाभर लय रगत गेलं. तुमी आल्याच नाई पाहाले. मंग मीच काढून घेतली तुमसरच्या दवाखान्यात.” खरं होतं. मी तांबी बसवली, रजिस्टरात लिहिलं आणि दार वाजवायला परत गेले नाही.

पलीकडचा हिरवा काठ: “माया मानूस नाकाडोंगरीकडे खानीत. सनाले येते चार दिस. त्या चार दिसासाठी काय करावं म्हनता?” मग खी-खी हसून, “चार दिस पुरतात वो बाई, पोट्ट्याइले!”

आणि ओळीच्या टोकाला एक कोवळी सून, दोन मुलींची आई, इतक्या हळू बोलली की मला मागे सरकावं लागलं. “मले बंद नाई कराचं. थोडं थांबवाचं हाय. अंगात ताकत येईपर्यंत. तसं काई नसते का?”

असतं ग बाई. माझ्या बॅगेत होतं. पण थांबवणाऱ्या बायकांना टार्गेटमध्ये मोल नव्हतं, म्हणून तिला मी कधी विचारलं नव्हतं. सात जणींपैकी पाच जणींना काही ना काही हवं होतं, आणि मी वर्षानुवर्षं लिहून पाठवत होते, ‘गावात प्रतिसाद नाही.’ त्या दुपारी मी सायकलवरून उतरून, तिच्या अंगणात बसून, रोज एक म्हणजे रोज एक, आणि कुणालाही वाटायची नाही, हे तिला तीनदा समजावलं. चौथ्यांदा तिनंच मला सांगितलं.

पाण्याची पाळी मात्र एक दिवसही चुकली नाही. शेवंताच्या दारात रोज सकाळी भरलेले गुंड ओळीनं उभे असत. भागरता बुढी ओसरीवर बसून, एकही गुंड न उचलता, सगळ्यांना कामं सांगत होती आणि तिसऱ्या दिवशी गावभर सांगत फिरली, की सुनेचं पाणी तीच भरते आहे. डोमा झाडावरून उतरला होता. आठव्या दिवशी त्यानं स्वतः एक गुंड डोक्यावर घेतला. त्याला पाहायला लाखनीपर्यंतचे लोक जमले असं मी म्हणणार होते, पण जाऊ द्या, चार-पाच म्हातारे जमले होते.

नवव्या दिवशी शेवंता शेतावर आली. सावकाश चालत, पण ताठ. ओठांना रंग होता. टाके कोरडे झाल्याचं मी सकाळीच पाहून आले होते. ती आता पुन्हा त्या बैलगाडीत निजणार नाही हे मला कळत होतं, आणि खरं सांगते, चिखलात उभ्या उभ्या माझे डोळे भरून आले. मी बांधावर चढले. कंबर धरून, चिखलानं माखलेली. आता ती काहीतरी बोलेल, पदर डोळ्यांना लावेल, कदाचित पाया पडेल, आणि मी ‘अगं, असं काय’ म्हणून तिला उचलेन, अशी सगळी तयारी मनात झाली होती.

“काय शेवंता,” मी म्हटलं, “कसं वाटते आता?”

ती माझ्याकडे पाहतच नव्हती. ती पाहत होती मी आठ दिवस रोवलेल्या बांधीकडे. या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग जपून खाली बसली, काठावरचं एक रोप दोन बोटांत धरलं, तर ते जोर न लावताच वर आलं. तिनं मुळाकडे पाहिलं आणि ते बाजूला ठेवलं.

“बाई,” ती म्हणाली, “हे बांधी परत रोवा लागन.”